तारीख नसलेले नियम

परदेशी जाताना घरातला कुत्रा किंवा मांजर बरोबर नेण्याचा विषय निघाला, की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. पहिला थट्टेचा : "इथे माणसांना व्हिसा मिळेना, आणि हे निघाले कुत्र्याला घेऊन!" दुसरा गहिवराचा : "तो आमचा मुलगाच आहे हो, त्याला कसले आले कागद?" हे सूर परस्परविरोधी वाटले तरी एका बाबतीत दोघांचे पूर्ण एकमत आहे. नियम वाचण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. थट्टा करणाऱ्याला विषयच क्षुल्लक वाटतो आणि गहिवरणाऱ्याला नियमच क्रूर वाटतात. या दोघांच्या मधे जी मोकळी जागा उरते, तिथे एक तिसरा इसम दुकान थाटून बसतो. तो म्हणजे दलाल.

प्रस्तुत लेखाचा रोख या तिघांवरही आहे. पण मुख्यतः तो नियम करणाऱ्यांवर आणि ते बदलणाऱ्यांवर आहे. म्हणणे थोडक्यात असे. रेबीजविषयीचे नियम कडक असावेत. शास्त्राला गरज वाटली तर ते आणखी कडक व्हावेत. परंतु नियम बदलणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत : बदल कोणत्या तारखेपासून, कोणत्या कारणासाठी, आणि जुन्या नियमाप्रमाणे ज्यांनी निम्मी वाट चालून झाली आहे त्यांचे काय. या तीन गोष्टी न सांगता केलेला बदल हा वाचून न दाखवलेला दंड असतो, आणि तो भरण्याची पाळी मुक्या जिवावर येते.

आधी नियमांची बाजू मांडू. कारण ती मांडल्याशिवाय पुढची तक्रार प्रामाणिक ठरणार नाही.

रेबीज हा काही कारकुनांनी शोधून काढलेला आजार नव्हे. लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पाश्चरने १८८५ साली एका मुलाला लस टोचली त्याला एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. तरीही जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात असा अंदाज आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात. मरणाऱ्यांत मोठा भरणा गरिबांचा आणि पोरासोरांचा असतो. तेव्हा अमेरिकेने भारताला 'अतिधोकादायक' देशांच्या यादीत घातले म्हणून राष्ट्रीय अपमान झाल्यासारखे रागवण्यात अर्थ नाही. लाज वाटायची असेल तर ती यादीत जाण्याच्या कारणाची वाटावी. वर्षानुवर्षे नेटाने सामूहिक लसीकरण करून गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. म्हणजे हे काम आपल्या हवापाण्यात अशक्य आहे असेही नाही. मात्र परदेशांच्या याद्या देशवार असतात, राज्यवार नसतात. त्यामुळे म्हापशाचा कुत्रा आणि मालेगावचा कुत्रा दोघेही एकाच रांगेत उभे राहतात.

या नियमांतील सर्वांत जाचक भाग म्हणजे प्रतीक्षा. तिचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः दोन-तीन महिने जातात. क्वचित एखादा आठवडा, क्वचित वर्षही. या काळात कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो. आज टोचलेली लस काल झालेल्या चाव्याविषयी काहीही सांगू शकत नाही. म्हणून युरोपीय संघाने भारतासारख्या, त्यांच्या यादीत नसलेल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यामांजरांसाठी असा क्रम ठरवला : आधी मायक्रोचिप, मग लस, लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्यातील प्रतिपिंडांची मोजणी, ती प्रतिमिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक आली तर रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबणे. लस लागू पडली की नाही हे रक्त सांगते, आणि लशीपूर्वीच रोग शरीरात दडून बसला होता की काय हे तीन महिने सांगतात. यात क्रौर्य नाही, तर्क आहे. ज्यांना 'आपल्या बाळा'साठी सवलत हवी असते त्यांनी हा तर्क एकदा शांतपणे वाचावा.

पण हा तर्क ज्या भाषेत प्राणी पाळणाऱ्यापर्यंत पोहोचतो, त्या भाषेचे काय?

मराठी वाक्यात शब्द थोडे मागेपुढे झाले तरी अर्थ सहसा टिकतो. विभक्तिप्रत्यय तो सांभाळून घेतात. या नियमांच्या व्याकरणात मात्र क्रम हाच अर्थ आहे. लस आधी टोचली आणि मायक्रोचिप चार दिवसांनी बसवली, तर लस टोचलीच नाही असे धरले जाते. कारण टोचलेला कुत्रा हाच, याला पुरावा नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत लसच आधी टोचली जाते. मायक्रोचिपचे नावही परदेशी जाण्याचे ठरेपर्यंत कोणी काढत नाही. चाचणीनंतर वर्षाची पुढची मात्रा दोन दिवस उशिरा दिली गेली, तर साखळी तुटते आणि चाचणी पुन्हा करावी लागते. 'दोन दिवसांनी काय होतंय!' हे वाक्य आपल्या दवाखान्यांत इतक्या सहज उच्चारले जाते की त्याची किंमत चार महिने असू शकते हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. त्यातच एक व्याख्या अशी, की युरोपात प्राण्याच्या प्रवासापासून आगेमागे पाच दिवसांच्या आत मालकही पोहोचला नाही, तर नियमाच्या लेखी तो पाळीव प्राणी राहत नाही, व्यापारी माल ठरतो. विमान चुकले म्हणून नाते बदलते. शब्दांच्या व्याख्या शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनाही ही व्याख्या थोडा वेळ विचार करायला लावते.

हा झाला एका क्षणी गोठवलेला नियम. प्रत्यक्षात तो गोठलेला नसतोच.

ब्रिटनचे उदाहरण घ्या. त्या बेटावर कित्येक दशके सहा महिन्यांचे सक्तीचे विलगीकरण होते. २००० साली काही निवडक देशांतील प्राण्यांना त्यातून सूट मिळाली, भारताला नाही. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला सहा महिने कोठडी अटळ होती. १ जानेवारी २०१२ पासून ब्रिटनने आपले नियम युरोपीय संघाशी जुळवून घेतले, आणि रक्तचाचणी व तीन महिन्यांची प्रतीक्षा भारतातच पुरी करून थेट आत जाण्याची वाट मोकळी झाली. हा बदल सैल होण्याच्या दिशेचा होता. तरीही 'लंडनला नेले की कुत्रा सहा महिने डांबतात' हे वाक्य पुढेही बरीच वर्षे पुण्यामुंबईत ठामपणे सांगितले जात होते. म्हणजे नियम कडक झाल्यानेच नुकसान होते असे नाही. तो शिथिल झाल्याचे न कळल्यानेही तितकेच होते. पुढे ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या कुत्र्यांची युरोपीय पारपत्रे एका रात्रीत निरुपयोगी झाली. कालपर्यंत त्याच पुस्तिकेवर फ्रान्सला जाणाऱ्या कुत्र्याला आता दर सफरीसाठी नवे आरोग्यप्रमाणपत्र आले. कुत्र्याच्या रक्तात काही बदलले नव्हते. मतपेटीत बदलले होते.

खुद्द युरोपीय संघाचा नियम २००३ सालचा. तो जाऊन २०१३ सालचा आला, डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. त्याहीनंतर २०१६ मध्ये प्राणी-आरोग्याचा सर्वसमावेशक कायदा झाला आणि जुनी तरतूद २१ एप्रिल २०२६ पर्यंतच चालेल असे त्यातच लिहून ठेवले गेले. इथे मात्र न्यायाने म्हटले पाहिजे, की दहा वर्षे आधी तारीख छापणे याला नियम बदलणे म्हणतात. तक्रार याविषयी नाही.

तक्रार अमेरिकेसारख्या उदाहरणांविषयी आहे. त्या देशाने २००७ साली कुत्र्यांमधील रेबीजचा प्रकार आपल्या भूमीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. त्यानंतरही बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांविषयीचे नियम बराच काळ तुलनेने साधे होते. लशीचे प्रमाणपत्र नीट असले की पुरे. मग बनावट प्रमाणपत्रांचे प्रमाण वाढल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राला आढळले, आणि १४ जुलै २०२१ पासून शंभराहून अधिक देशांतून कुत्री आणण्यावर तात्पुरती स्थगिती आली. भारत त्या यादीत होता. 'तात्पुरती' हा शब्द पुनःपुन्हा ताणत ती स्थगिती जुलै २०२४ पर्यंत नेण्यात आली. मधल्या काळात सवलतीच्या अटीही बदलत राहिल्या. मे २०२४ मध्ये नवा नियम प्रसिद्ध झाला, १ ऑगस्टपासून अमलात येणारा : कुत्रा सहा महिन्यांहून लहान नको, मायक्रोचिप हवी, आगाऊ अर्ज हवा. भारतात लस टोचलेल्या कुत्र्यासाठी याशिवाय सरकारी पशुवैद्याने पृष्ठांकित केलेले विशिष्ट नमुन्यातील प्रमाणपत्र, रक्तचाचणी, मोजक्याच विमानतळांपैकी एकावर उतरणे आणि तिथल्या नोंदणीकृत केंद्रात आधीच जागा राखून ठेवणे. रक्तचाचणी नसेल तर अठ्ठावीस दिवस विलगीकरण.

आता पुढचा भाग पाहा. कॅनडाच्या बाजूने ओरड झाली, कारण सीमेपलीकडे रोज ये-जा करणाऱ्या कुत्र्यांनाही कागदांचा हा भार पेलावा लागणार होता. २२ जुलै २०२४ रोजी, म्हणजे नियम लागू होण्यास अवघे दहा दिवस असताना, रेबीजमुक्त किंवा कमी धोक्याच्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठी तो सोपा करण्यात आला. शास्त्रदृष्ट्या हे योग्यच होते. कॅनडाच्या कुत्र्याला भारताच्या कुत्र्याइतकाच जाच करण्यात अर्थ नव्हता. पण मग ते मे महिन्यात कळले नव्हते काय? शेजाऱ्याचा आवाज मोठा म्हणून तो दहा दिवसांत ऐकला गेला, हे मान्य करायला हवे. ज्यांचा आवाज तिथवर जात नाही त्यांच्यासाठी किमान एक सोय असावी, की त्यांनी कोणत्या तारखेचा नियम वाचला आहे हे त्यांना कळावे.

आणि या सगळ्यात सर्वाधिक फसतो तो धड इथला नाही, धड तिथला नाही असा माणूस. अमेरिकेतच लस टोचलेला कुत्रा घेऊन वर्षभरासाठी पुण्याला येणाऱ्याने निघण्यापूर्वीच तिथल्या कृषिखात्याकडून विहित प्रमाणपत्र पृष्ठांकित करून आणावे लागते. ते मागाहून मिळत नाही. म्हणजे परतीच्या दाराची किल्ली घराबाहेर पडण्याआधी घ्यायची, आणि दाराचे कुलूप बदलले आहे हे मात्र बहुधा परतताना कळायचे. युरोपातही तसेच. तिथे राहणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे उदाहरण या लेखाला पुरेसे आहे. कुत्र्याचे युरोपीय पारपत्र हाती होते, लशी वेळच्या वेळी झालेल्या होत्या. साताऱ्याला येण्यापूर्वी तिने तीन ठिकाणी विचारले. विमानकंपनीने पिंजऱ्याची मापे सांगितली. दवाखान्याने पारपत्र वैध असल्याचे सांगितले. एका कार्यालयाने संकेतस्थळ पाहण्यास सांगितले. तिघांचीही उत्तरे खरी होती. संघातून बाहेर पडण्यापूर्वीच रक्तचाचणी करून तिची नोंद पारपत्रात करून घेतली तर परतताना तीन महिने थांबावे लागत नाही, हे एक वाक्य मात्र कोणीच उच्चारले नाही. ती परतली, कुत्रा साताऱ्याला राहिला. आजोबा रोज संध्याकाळी दूरध्वनी कुत्र्याच्या तोंडापाशी धरीत. हे ऐकायला गोड वाटते. पण त्या घरात आजोबा नसते तर?

या प्रश्नाशी खरा मुद्दा येतो. माणसाच्या कागदांना घाईची सोय असते. पारपत्र 'तत्काळ' मिळते, व्हिसाची मुलाखत पुढेमागे होते. नोकरीचे पत्र येते तेव्हा हजर होण्यास सहा-आठ आठवडे मिळतात. कुत्र्याचा मार्ग मात्र शरीरधर्माने बांधलेला आहे. युरोपसाठी तीस दिवस अधिक तीन महिने. कितीही ओळखी काढा, रक्त काही लवकर साक्ष देत नाही. ऑस्ट्रेलियात भारतातून कुत्रा थेट नेताच येत नाही. ज्या देशांतून नेता येतो, त्यांतही जिथे रेबीज आढळतो तिथल्यांना रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून १८० दिवस मोजावे लागतात. जपानलाही भारतातून जाणाऱ्यांसाठी १८० दिवसांचीच प्रतीक्षा आहे. अशा मार्गावर एक चूक म्हणजे एक अर्ज नव्हे, एक ऋतू. म्हणूनच माहितीतील गोंधळ इतर कोठेही त्रासदायक ठरतो, इथे तो निर्णायक ठरतो. चुकलेला अर्ज पुन्हा भरता येतो. नोकरीची तारीख आणि रक्ताची तारीख यांतली तीन महिन्यांची दरी भरता येत नाही. त्या दरीत पडलेल्या प्राण्याचे पुढे काय होते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी कोणत्याही मोठ्या शहरातल्या प्राणी-निवाऱ्यात जाऊन यावे. गळ्यात पट्टा असलेली, हाक मारली की उठून येणारी आणि दाराकडेच पाहत बसणारी कुत्री तिथे असतात.

'मग पाळावे कशाला?' असा सवाल करणाऱ्यांना उत्तर सोपे आहे. पाळण्याची जबाबदारी निभावण्यासाठीच हे लोक कागद जमवत आहेत. जबाबदारी टाळायची असती तर रस्त्यावर सोडून देण्याला एकही प्रमाणपत्र लागत नाही. ज्या व्यवस्थेत सोडून देणे सोपे आणि सांभाळणे अवघड, ती व्यवस्था कोणते आचरण घडवते याचा विचार थट्टेखोरांनी करावा. आणि 'श्रीमंतांचे चोचले' या आक्षेपाविषयी म्हणायचे तर, श्रीमंतांना या गोंधळाची फारशी झळ लागतच नाही. २०१५ साली हॉलिवूडचे नट जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांनी खासगी विमानातून आपली दोन कुत्री ऑस्ट्रेलियात विनापरवाना नेली. मंत्र्यांनी कुत्री परत न्या, नाहीतर मारावी लागतील अशी तंबी दिली. कुत्री परत गेली. २०१६ मध्ये माफीची एक चित्रफीत निघाली, आणि न्यायालयात प्रकरण चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मिटले. खासगी विमान असणाऱ्याला नियम न वाचण्याची चैन परवडते. कर्ज काढून पिंजऱ्याचे भाडे भरणाऱ्या संगणक-अभियंत्याला ती परवडत नाही.

गहिवरवाल्यांचा आवडता दाखला धर्मराजाचा. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही असे युधिष्ठिराने इंद्राला सांगितले, हा महाप्रस्थानिक पर्वातला प्रसंग अशा प्रत्येक चर्चेत येतोच. दाखला उत्तम आहे, पण पुरता वाचावा. इंद्र नियम स्पष्ट शब्दांत सांगतो, स्वतः सांगतो आणि दारातच सांगतो. 'अद्ययावत माहितीसाठी अन्यत्र चौकशी करावी' असे तो म्हणत नाही. शिवाय युधिष्ठिराला स्वर्ग नाकारण्याचे स्वातंत्र्य होते. नोकरीचा करार आणि मुलांची शाळा मागे लागलेल्या माणसाला ते नसते. तेव्हा आपल्याला हवा आहे तो इंद्राइतका स्पष्टवक्ता द्वारपाल. चमत्कार नको.

परक्यांचे पुरे झाले. आपल्या अंगणाकडेही पाहू. आपल्याकडे कुत्र्यामांजरांची आयात ज्या कायद्याच्या छत्राखाली होते तो १८९८ सालचा, पशुधन-आयातीचा. साल लक्षात घ्या. त्याच्या आदल्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला होता आणि पुण्यात प्लेगची तपासणी चालू होती. त्या तपासणीमागे रोग रोखण्याचा हेतू होताच. परंतु लोकांना विश्वासात न घेता, त्यांच्या भाषेत काहीएक न समजावता घराघरांत शिरून केलेल्या अंमलबजावणीचा शेवट काय झाला, हे २२ जून १८९७ च्या रात्रीने सांगितले. योग्य हेतूचा नियमही लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचला नाही तर तो जुलूम वाटतो, हा धडा महाराष्ट्राइतका महाग कोणी घेतला नसेल. आणि तरीही आज प्राण्यांच्या तपासणीचे जे केंद्र सरकारचे खाते आहे त्याच्या नावात 'संगरोध' हा शब्द आहे. मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्यांनाही तो पहिल्या फटक्यात उमगत नाही. 'क्वारंटाइन' म्हटले असते तर करोनाच्या २०२० नंतर शेंबड्या पोरालाही कळले असते.

भाषेचा मुद्दा कोणाला भावनिक वाटेल, म्हणून एक तथ्य सांगतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार प्राण्याचे आरोग्यप्रमाणपत्र इंग्रजीत आणि ज्या देशातून संघात प्रवेश करायचा त्या देशाच्या अधिकृत भाषेत असावे लागते. फ्रान्समार्गे जाणाऱ्या कुत्र्याचा कागद फ्रेंचमध्ये लागतो, जर्मनीमार्गे जाणाऱ्याचा जर्मनमध्ये. याचा अर्थ असा, की विमानतळावर कागद वाचणाऱ्या शिपायाला तो त्याच्या भाषेत मिळावा ही काळजी त्या राज्यांनी घेतली आहे. आपल्या राज्यांना मात्र जो माणूस हा सगळा खटाटोप करतो त्याला त्याच्या भाषेत एक पानाचे पत्रक मिळावे असे वाटत नाही. मुंबई हे प्राण्यांच्या आयातनिर्यातीचे अधिकृत ठाणे आहे. तिथून कुत्रे नेणाऱ्यांत मराठी माणसे थोडीथोडकी नाहीत. लशीच्या पुस्तिकेवर 'परदेशी नेण्याचा विचार असेल तर आधी मायक्रोचिप' ही एक ओळ मराठीत छापायला किती शाई लागते?

ही ओळ छापली जात नाही म्हणून दलालाचे पोट भरते. या व्यवसायात कष्टाळू आणि प्रामाणिक माणसे आहेत. पिंजरा, विमान, तपासणी यांची मोट बांधणे हे खरेच कौशल्याचे काम आहे, आणि त्याचे पैसे त्यांना मिळावेत. पण मजुरी कामाची असावी, गुपिताची नव्हे. जो नियम सार्वजनिक आहे तो जाणून असण्याबद्दलच जेव्हा पैसे मोजावे लागतात, तेव्हा तो नियम सार्वजनिक राहिलेला नसतो. आणि बनावट प्रमाणपत्रांचा उगमही याच अंधारात असतो. सरळ वाट दिसत नसली की लोक आडवाट विचारू लागतात. आडवाटेने चार गेले की परदेश सगळ्यांसाठी दार लावून घेतो. २०२१ ची अमेरिकी स्थगिती हे त्याचेच फळ होते. म्हणजे गोंधळातून खोटे कागद, खोट्या कागदांतून नवे नियम, आणि नव्या नियमांतून नवा गोंधळ. हे चक्र तोडायचे तर पहिला घाव गोंधळावर घालावा लागेल.

'नियम म्हणजे नियम, प्रत्येकाची अडचण पाहत बसलो तर राज्य चालणार नाही', असे म्हणणाऱ्यांसाठी २०२२ चे फेब्रुवारी-मार्च आठवून देतो. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी काहींनी आपल्या कुत्र्यामांजरांना सोडून येण्यास नकार दिला. आपल्या केंद्र सरकारने एकवेळची सवलत म्हणून त्यांच्याबरोबर प्राणी आणण्याचे नियम शिथिल केले. युरोपीय देशांनीही निर्वासितांच्या प्राण्यांना अपुऱ्या कागदांनिशी आत घेतले. लस, मायक्रोचिप, देखरेख हे सोपस्कार आत आल्यावर करू, असे ठरवले. ते युद्ध होते, रोजचा व्यवहार नव्हे, हे मान्य. रोजच्या व्यवहारात ती सवलत कोणी मागतही नाही. परंतु त्या दिवसांनी एक गोष्ट सिद्ध केली, की नियमाचा हेतू सांभाळून त्याचा क्रम बदलता येतो, आणि इच्छा असली तर तो आठवड्याभरात बदलता येतो. मग जुन्या नियमानुसार रक्तचाचणी करून बसलेल्या माणसाला नव्या नियमात सामावून घेणारे एक वाक्य लिहिणे अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक नियमाच्या माथ्यावर तो कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि आधीच्या नियमापेक्षा त्यात काय बदलले हे दोन ओळींत लिहावे. बदल जाहीर होणे आणि लागू होणे यांत किमान तेवढे अंतर असावे जेवढा काळ तो नियम स्वतःच थांबायला लावतो. तीन महिने थांबायला सांगणाऱ्याने तीन महिने आधी सांगावे. यात उपकार नाही, साधा हिशोब आहे. ज्यांची प्रक्रिया जुन्या नियमाखाली सुरू झाली त्यांना ती पुरी करू द्यावी, निदान केलेल्या चाचण्या फुकट जाऊ देऊ नयेत. आपल्या खात्याने देशवार एक-एक पान मराठीसह भारतीय भाषांत ठेवावे आणि त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम छापावे, म्हणजे 'आम्हाला माहीत नाही, तिकडे विचारा' या उत्तरालाही एक मालक मिळेल. पशुवैद्यांच्या संघटनांनी पहिल्या लशीच्या वेळीच मायक्रोचिपचा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. आणि प्राणी पाळणाऱ्यांनी, म्हणजे आपण, नियमाविषयी कोणाकडून ऐकले यापेक्षा तो कोणत्या तारखेचा आहे हे आधी विचारावे. 'अमक्याने गेल्या वर्षी नेला' हा पुरावा नव्हे. गेल्या वर्षीचा नियम गेल्या वर्षीबरोबर गेलेला असू शकतो.

भाषा शिकवणाऱ्याने या प्रकरणात नाक का खुपसावे, असेही कोणी विचारील. उत्तर असे, की नियम हा शेवटी गद्याचाच एक प्रकार आहे, आणि वाईट गद्याने होणारे नुकसान बहुधा वाचकाच्या वैतागापुरते मर्यादित असते. या गद्याचा वाचक मात्र ते स्वतःसाठी वाचत नसतो. ज्याच्यासाठी तो वाचत असतो त्याला अक्षर येत नाही, तक्रार करता येत नाही आणि दिनदर्शिका कळत नाही. असे गद्य लिहिणाऱ्याने ते मथळ्यापासून तारखेपर्यंत दुप्पट काळजीने लिहिले पाहिजे, आणि ते तसे लिहिले गेले नाही तर आपण ते त्याच्याकडे परत पाठवले पाहिजे. उत्तरपत्रिका तपासताना आपण तारीख नसलेले पत्र चुकीचे धरून गुण कापतो. सरकारांच्या बाबतीतही हात आखडता घेण्याचे कारण नाही.